हात लांब गेले

काकूंच्या मुलाने चुगली केली नसती तर मला हे कळलंच नसतं. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला होता. शनिवारची संध्याकाळची ओपीडी संपत आलेली, खाली रानडे रोडवर भाजीवाल्यांचा शेवटचा ओरडा चाललेला, आणि काकू तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ पाढे म्हटल्यासारखी म्हणून दाखवत होत्या. सहा बाय सहा, तेही बिनचष्म्याचं. हा आकडा फाइलमध्ये लिहिताना आम्हा डोळ्याच्या डॉक्टरांचं अक्षरसुद्धा सुधारतं. मी लिहीत होते तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं. आई कामाला बसते तेव्हा डोळ्यावर रुमाल बांधून घेते. चालतं ना?" मला वाटलं, राहिलेल्या डाव्या डोळ्यावर. म्हटलं, "बांधू देत, त्या डोळ्याने तसंही धूसरच दिसत असणार." तो म्हणाला, "तो नाही मॅडम. हा. तुम्ही केलेला."

काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की घरी गेल्यावर त्याचं काही खरं नव्हतं. मग माझ्याकडे वळून समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "तसं काही नाही हो. लांबचं सगळं लख्ख दिसतंय. समोरच्या चाळीत कोणी पापड वाळत घातले ते दिसतं, बसचा नंबर दिसतो. फक्त कामाला बसलं ना, की माझे हात लांब गेलेत असं वाटतं."

हात लांब गेलेत.

काकू गिरगावातल्या. वय एकोणसत्तर. गेली चाळीस वर्षं सराफांकडून मोत्यांचं काम घरी आणून करतात. तुटलेले सर पुन्हा ओवायचे, चिंचपेटी, तन्मणी, कुड्या, लग्नसराईत मंगळसूत्रं गाठवून द्यायची. हे मला कधी कळलं? त्याच शनिवारी. ऑपरेशनच्या आधी मी त्यांना तीनदा तपासलं होतं, बायोमेट्री, म्हणजे भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची मापं, केली होती, पडद्याचा स्कॅन केला होता, बुबुळाच्या मागच्या थरातल्या पेशी मोजल्या होत्या. फाइलच्या पहिल्या पानावर रिसेप्शनच्या मुलीने लिहिलेलं, "व्यवसाय : गृहिणी". ते मी वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

काकूंच्या डोळ्याला लहानपणापासून मायनस चारचा नंबर. ज्यांना हा नंबर असतो त्यांना वेगळं सांगायला नको, चष्मा काढला की जग वीत-सव्वा वीतभर अंतरावर येऊन थांबतं, पण त्या तेवढ्या अंतरात जे दिसतं ते असं दिसतं की चांगल्या डोळ्यांच्या माणसांनी हेवा करावा. मायनस चार म्हणजे २५ सेंटीमीटर. सगळ्या बिल्डिंगला चाळिशी लागली तरी काकूंना लागली नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, मोती नाकासमोर धरायचा, त्याच्या केसाएवढ्या भोकातून रेशीम ओवायचं. आणि मोतीबिंदूच्या जागी भिंग घालून मी त्यांना काय दिलं? दूरचा शून्य नंबर. आमच्या भाषेत प्लानो. आता जवळचं बघायला अडीचचा चष्मा, आणि अडीचच्या चष्म्यातून हात धरावे लागतात ४० सेंटीमीटरवर. म्हणजे काकूंची तक्रार अक्षरशः खरी होती. मी त्यांचे हात पंधरा सेंटीमीटर लांब नेले होते.

मी नेहमीचं सगळं सांगितलं. चष्म्याचा नंबर थोडा वाढवू, सवय होईल, मेंदूला वेळ द्यावा लागतो. काकू "बरं" म्हणाल्या. जिना उतरताना मुलगा त्यांचा हात धरायला गेला, त्यांनी झटकला. त्यांना आता पायऱ्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी सीएमई. कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे असतात, त्याशिवाय रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण होत नाही. त्यामुळे वर्षातले काही रविवार कुठल्या ना कुठल्या हॉटेलच्या बर्फासारख्या गार हॉलमध्ये जातात. हा कार्यक्रम अंधेरीत होता, विमानतळाजवळ. विषय "रिफ्रॅक्टिव्ह कॅटरॅक्ट सर्जरी". म्हणजे मोतीबिंदू नुसता काढायचा नाही, तो काढता काढता माणसाचा चष्माही काढायचा. गळ्यात नावाची पट्टी, हातात कंपनीची कापडी पिशवी. अशा पिशव्या घरी इतक्या साठल्यात की आमच्याकडे कांदे-बटाटे कायम कुठल्या तरी "कॅटरॅक्ट अपडेट"मधूनच येतात. नाश्त्याला उपमा, इडली आणि ती हॉटेलची कॉफी, जी प्यायली की घरच्या कॉफीची किंमत कळते. सही करायला रांग. सही करून हळूच सटकणारेही दोघंतिघं नेहमीचेच. मी त्यांना नावं ठेवत नाही, एका रविवारी मीही मुलीच्या गॅदरिंगसाठी सटकले होते.

खरं सांगायचं तर मला सीएमई आवडते. हे कबूल करायला आमच्यात जरा संकोच वाटतो, कारण तिथल्या जेवणाला आणि स्पॉन्सरांना हसणं ही रीत आहे. पण मला जे येतं त्यातलं निम्मं मी पदवी घेऊन झाल्यावर असल्या गार हॉलमध्येच शिकले. मी निवासी डॉक्टर होते तेव्हा महापालिकेच्या रुग्णालयात आम्ही दहा मिलिमीटरचा छेद घ्यायचो, मोतीबिंदू सगळाच्या सगळा बाहेर काढायचो, आणि मग केसाहून बारीक काळ्या धाग्याचे पाच-सहा टाके घालायचो. टाका जास्त आवळला गेला की पेशंटला तीन-चारचा सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर. आम्ही त्याला काही चूक मानत नव्हतो. पेशंटला माणसं ओळखता यायला लागली की आमचं आणि त्याचं दोघांचंही समाधान व्हायचं.

फेको, म्हणजे मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून बारीक छेदातून ओढून घेणं, मी शिकले नव्वदच्या दशकाच्या शेवटी, बकऱ्याच्या डोळ्यांवर. चार्ल्स केलमन यांना त्याची कल्पना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुचली, दातांवरची पुटं काढणारं कंप पावणारं यंत्र बघून. १९६७ मध्ये त्यांनी ते तंत्र प्रसिद्ध केलं. आमच्यापर्यंत ते यंत्र यायला तीस वर्षं लागली. वेट लॅबचे, म्हणजे सरावाच्या वर्गाचे, डोळे देवनारच्या कत्तलखान्यातून यायचे, थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर. एकदा ते आणायचं काम माझ्याकडे आलं आणि मी तो डबा मांडीवर घेऊन हार्बरच्या बायकांच्या डब्यात बसले. शेजारच्या कोळीणबाईंनी डब्याकडे बघून विचारलं, "काय, सुरमई?" मी म्हटलं, "डोळे." त्या थोडं पलीकडे सरकल्या. बाकी काही बोलल्या नाहीत. मग दोन दिवस त्या फिकट जिलेटिनी वासात, हातमोज्यांतल्या घामात आम्ही पायाखालच्या पेडलशी झगडत होतो. पहिल्या टप्प्यावर पाणी, दुसऱ्यावर ओढ, तिसऱ्यावर अल्ट्रासाउंड. पाय घाईत तिसऱ्यावर गेला की समोर भसकन भोक. भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा म्हणजे जाडी चार मायक्रॉन, आणि त्याच्यामागे पेशंटचं नशीब. बकऱ्याचं काय, त्याचं जे व्हायचं ते आधीच झालेलं.

तेव्हा रविवारच्या त्या हॉलमध्ये मी नावं ठेवायला गेले नव्हते. सकाळचं पहिलं सत्र टोरिक भिंगांचं होतं आणि ते फार सुंदर झालं. टोरिक भिंग म्हणजे सिलिंडर सुधारणारं, त्याला दिशा असते. ठरलेल्या अक्षापासून ते एक अंश फिरलं की त्याच्या कामातला साधारण तीन टक्के भाग गेला, आणि तीस अंश फिरलं की ते टाकलं काय, न टाकलं काय. गंमत अशी की पेशंट बसलेला असताना त्याचा डोळा असतो तसा आडवा झाल्यावर राहत नाही, काही अंश गोल फिरतो. म्हणून खुणा बसवूनच करायच्या. मी त्या अजून पेनानेच करते. पेशंटने हनुवटी टेकवलेली असते, मी म्हणते, "माझ्या कानाकडे बघा, श्वास रोखून," आणि बुबुळाच्या कडेला तीन वाजता आणि नऊ वाजता शाईचा ठिपका देते. डोळ्यात पाणी असलं की ठिपका पसरतो, गव्हाएवढा होतो. मग त्या गव्हाचा मध्य कुठला? त्यातच तीन-चार अंश. व्याख्यात्याने पडद्यावर हेच दाखवलं, शाईचा पसरलेला डाग, शंभरपट मोठा करून, आणि सगळा हॉल हसला. आपलीच चोरी पडद्यावर बघितल्यासारखं ते हसू होतं. पुढे त्यांनी बुबुळाच्या मागच्या पृष्ठभागाचं सांगितलं. कित्येक वर्षं आम्ही फक्त पुढची बाजू मोजून सिलिंडर ठरवत होतो. मागच्या बाजूलाही वाकडेपणा असतो आणि तो धरला नाही तर कुणाचा सिलिंडर जास्त सुधारतो, कुणाचा कमी, हे ह्यूस्टनच्या मंडळींनी २०१२ साली मोजून दाखवलं. मला ते कळलं तेही अशाच एका रविवारी. त्या रात्री मला माझे चार-पाच जुने पेशंट आठवले, ज्यांना मी "डोळा कोरडा पडतो, थेंब घाला" असं सांगून वाटेला लावलं होतं.

दुसरं सत्र होतं नाराज पेशंटचं.

त्याचं नावच तसं होतं, सहा बाय सहा पण नाराज. पडद्यावर कारणं एकेक करून उतरत होती. डोळ्याचा कोरडेपणा, उरलेला सिलिंडर, मागच्या पडद्यावर आलेली जाळी, मध्याशी न जुळलेलं भिंग, रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलयं. ट्रायफोकल भिंग प्रकाश वाटून देतं, दूरच्याला थोडा, मधल्याला थोडा, जवळच्याला थोडा, आणि त्या वाटणीतला काही भाग वायाही जातो. मग फटफटीवरून घरी जाणाऱ्याला समोरून येणारा प्रत्येक दिवा गणपतीच्या प्रभावळीसकट दिसतो. हे सगळं बरोबर होतं. पण "नाराज पेशंट" हे शब्द ते असे उच्चारत होते जणू ते एखाद्या आजाराचं नाव आहे, काचबिंदूसारखं. मी मनातल्या मनात काकूंना त्या यादीत बसवून बघत होते. कोरडेपणा नाही. सिलिंडर पाव. जाळी नाही. भिंग मधोमध. त्या कुठेच बसेनात. त्यात त्या नाराजही नव्हत्या. त्या "बरं" म्हणाल्या होत्या.

माझी आजी मोतीबिंदूच्या शिबिरात ऑपरेशन करून आली तेव्हा मी आठ वर्षांची असेन. चिपळूणला शाळेच्या वर्गात बाकं बाजूला करून खाटा लावल्या होत्या. डोळ्यावर हिरवी पट्टी, कुशीवर वळायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. हे "शिंकायचं नाही" आम्हा मुलांना फार भयंकर वाटायचं. भिंग घालण्याचा प्रश्नच नव्हता, मोतीबिंदू काढला की डोळा रिकामा, आणि वर नाकावर प्लस दहाचा चष्मा. आजीचे डोळे त्याच्यामागे आंबोळीएवढे दिसायचे. त्या काचेतून सगळं पाव पटीने मोठं दिसतं, म्हणजे जवळही वाटतं. चहाचा कप घ्यायला हात पुढे करायची तो कपाच्या अलीकडेच बंद व्हायचा. कडेने येणारी माणसं आधी दिसायचीच नाहीत आणि मग एकदम समोर उगवायची. आजी दचकायची, आम्ही मुद्दाम कडेने यायचो. आता त्या चष्म्याच्या काठाच्या आंधळ्या पट्ट्यावर मी पोरांना लेक्चर देते. तेव्हा तो आमचा खेळ होता. पण आजी कधीही म्हणाली नाही की मला नीट दिसत नाही. ती म्हणायची, "माझा हरी उभा दिसला गो, आणखी काय पायजे." देव्हाऱ्यातला.

आणि तरीही कधीतरी कोणीतरी "आणखी काय" असं विचारलंच. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली मोतीबिंदू काढत असताना एका विद्यार्थ्याने विचारलं, काढलं त्याच्या जागी दुसरं भिंग घालणार नाही का? रिडलींच्या डोक्यात ते आधीपासून घोळत होतंच. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या प्लास्टिकच्या ठिकऱ्या घुसून तशाच राहिलेल्या त्यांनी बघितल्या होत्या आणि डोळा त्यांच्यावर चिडत नव्हता. २९ नोव्हेंबर १९४९ ला त्यांनी पहिलं भिंग घातलं. शस्त्रक्रिया झाली, भिंग डोळ्याने स्वीकारलं, आणि पेशंटला नंबर आला मायनस अठराच्या घरात, वर सिलिंडर. हिशेब चुकला होता. नंतरची सगळी वर्षं आमचा धंदा तो हिशेब सुधारण्यात गेला. १९८० मध्ये तिघा अमेरिकन डॉक्टरांनी एक साधं सूत्र दिलं, ए वजा अडीच एल वजा शून्य पॉइंट नऊ के. ए हा भिंगाचा ठरलेला आकडा, एल डोळ्याची लांबी, के बुबुळाचा बाक. आम्ही ते पाढ्यासारखं पाठ केलं. आता संगणकात बॅरेटचं सूत्र असतं, डोळ्याची लांबी प्रकाशाने मोजली जाते. एक मिलिमीटर चुकलं तर अडीच-तीन नंबरांचा फरक, म्हणून आम्ही मिलिमीटरचे शंभर भाग करतो. एवढ्या वाटा काढून आम्ही शून्यावर पोचलो. मग शून्याचा अभिमान वाटणारच.

पण शून्य कुठून मोजायचं, हे त्या यंत्राला कोण सांगणार? यंत्राच्या पडद्यावर एक चौकोन असतो, "टारगेट". तिथे आपण काही भरलं नाही तर तो आपणहून शून्य धरतो.

तिसऱ्या सत्रात डेल यांची प्रश्नावली आली. अमेरिकन आहे, उपयोगी आहे. दूरचं बिनचष्म्याचं हवं की जवळचं, रात्री गाडी चालवता का, वलयं दिसली तर चालतील का, आणि सगळ्यात शेवटी एक रेघ. एका टोकाला "मी निवांत माणूस", दुसऱ्या टोकाला "मला सगळं काटेकोर लागतं", त्यावर पेशंटने स्वतःच फुली मारायची. आमच्याकडे ती रेघ मराठीत करून ठेवलीय. दादरचे पेशंट त्यावर फुली मारत नाहीत. ते म्हणतात, "डॉक्टर, तुम्हीच ठरवा." किंवा बायको नवऱ्याच्या वतीने थेट काटेकोराच्या टोकावर फुली मारते. मला ती प्रश्नावली आवडते. पण हॉलमध्ये बसल्या बसल्या एक गोष्ट मला खुपायला लागली. ही प्रश्नावली आम्ही देतो कोणाला? जो महागडं भिंग घ्यायच्या विचारात आहे त्याला. माझ्याच दवाखान्यात तसं आहे. आमची काउन्सेलर मुलगी प्लास्टिकचा कागद घेऊन बसते, त्यावर तीन पॅकेजं असतात. ट्रायफोकलच्या रकान्याशी बोट थांबलं की प्रश्न सुरू होतात, तुम्ही काय वाचता, मोबाइल किती बघता, पत्ते खेळता का. साध्या मोनोफोकलवर, म्हणजे एकाच अंतराच्या भिंगावर, बोट गेलं की प्रश्न संपतात. तारीख दिली जाते. काकूंनी साधं भिंग घेतलं होतं.

आणि त्या साध्या भिंगात पॉवर कुठली टाकायची याला एक पैसा लागत नाही. मायनस अडीच राखणारं भिंग आणि शून्य देणारं भिंग एकाच किमतीला येतात, एकाच कपाटात शेजारी शेजारी असतात. १९९२ साली मदुराईला ऑरोलॅब उभी राहिली आणि डोळ्यातलं भिंग गरिबाला परवडायला लागलं, तेव्हापासून भिंग स्वस्त आहे. महाग आहे तो आमचा प्रश्न विचारण्याचा वेळ. "रिफ्रॅक्टिव्ह" हा शब्द आम्ही महाग भिंगाला चिकटवून ठेवलाय, जसा काही साधं भिंग घेणारा माणूस कशाकडे बघतच नाही.

चर्चेच्या वेळी मी हात वर केला. फिरता माइक माझ्यापर्यंत यायला वेळ लागला, तेवढ्यात माझा अर्धा धीर गेला. मी एवढंच विचारलं, की ज्याला मायनस नंबर आहे आणि जो मोनोफोकल घेतोय, त्याचं टारगेट ठरवताना आपण प्रत्यक्षात त्याला काय विचारतो? मंचावरचे ज्येष्ठ सर शांतपणे म्हणाले, "जवळचं काम करणाऱ्या मायोपला जवळचं राखायचं का ते विचारायलाच हवं. दिस इज बेसिक." पुढचा प्रश्न. जेवणाची वेळ होत आली होती. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, हे मला जास्त लागलं. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न मला विचारला होता आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलंही होतं, "हल्ली चष्मा न लावता आणखीनच जवळचं दिसायला लागलंय." मी ते लक्षण म्हणून ऐकलं. मोतीबिंदूचा गाभा कठीण होत जातो तसा मायनस वाढतो, पुस्तकात आहे. मी मान डोलावली आणि फाइलमध्ये मोतीबिंदूची ग्रेड लिहिली.

जेवणाच्या रांगेत, पनीर आणि दाल मखनी यांच्यामध्ये, मागून खांद्याला हात लागला. ठाण्याचा जुना मित्र. म्हणाला, "तुझा कोण होता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "माझा घड्याळजी." मग प्लेट घेऊन आम्ही खांबाशी उभे राहिलो आणि हळूहळू तिथे पाच-सहा जण जमले. एकीचे छापखान्यातले जुने जुळारी, निवृत्त झालेले, रात्री झोपण्याआधी चष्मा काढून पुस्तक छातीवर धरून वाचायची चाळीस वर्षांची सवय, ती गेली. एकाच्या पेशंट आजी तांदूळ निवडताना ताट आता पायाशी ठेवतात. डोंबिवलीचा एक जण उलटं सांगत होता. त्याने हौसेने जवळचं राखलं आणि पेशंट भडकला, "ऑपरेशन करूनही टीव्हीला चष्मा? मग पैसे कशाचे घेतले?" त्यामुळे तो आता सगळ्यांना शून्यच करतो, कटकट नको. त्याचंही मला पटलं. शून्याबद्दल कोणी भांडायला येत नाही. दिवसभराच्या कार्यक्रमात या अर्ध्या तासाला क्रेडिट पॉइंट नव्हते. गुलाबजाम मात्र चांगले होते.

सोमवारी मी काकूंच्या मुलाला फोन केला. म्हटलं, दुसऱ्या डोळ्याची तारीख द्यायच्या आधी एकदा आईंना घेऊन या, आणि येताना त्यांचं काम घेऊन या. तो म्हणाला, "काम म्हणजे?" म्हटलं, मोती. रेशीम. ज्यावर बसून करतात ते सगळं.

बुधवारी दुपारी त्या आल्या, स्टीलचा पसरट डबा घेऊन. आत मलमलच्या तुकड्यात तुटलेल्या सराचे मोती, रेशमाची गुंडी, बारीक तारेची दुमडलेली सुई. माझ्या तपासणीच्या खोलीत सगळे दिवे मंद असतात, ते मी पूर्ण लावले. काकूंनी खुर्ची नको म्हटलं. जमिनीवर मांडी घातली, मांडीवर मलमल पसरली, आणि पर्समधून रुमाल काढला. घड्या घालून पट्टी केली आणि उजव्या डोळ्यावरून मागे गाठ मारली. कुणी बघतंय याचं त्यांना काही नव्हतं. रेशमाचं टोक ओठांत ओलं केलं, दोन बोटांत पिळलं. मोती उचलला, नाकाच्या जरा खाली आणला, आणि मान किंचित डावीकडे कलती केली. तोवर मी आणि माझा ऑप्टोमेट्रिस्ट श्वास रोखून उभे होतो, आणि मोती ओवूनही झाला होता. मग त्यांनी एक गाठ मारली, सुईच्या टोकाने ती मोत्याला लागेपर्यंत सरकवली. दुसरा मोती. मी मुलीच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी आणली होती. "काकू, हलू नका." डोळ्यापासून मोत्यापर्यंत पट्टी धरली. २४ सेंटीमीटर. "तुम्ही मोती काढता, मी मोती ओवते," काकू हसून म्हणाल्या. हा विनोद त्यांनी आधीच्या डॉक्टरांसमोरही केला असणार, पण माझ्यासमोर करायची संधी मी त्यांना एवढ्या उशिरा दिली.

मग रुमाल सोडवला आणि ट्रायल फ्रेम चढवली. राहिलेल्या डाव्या डोळ्यापुढे काळी चकती, आणि केलेल्या उजव्या डोळ्यापुढे आधी अडीच, मग तीन, मग साडेतीन, मग चार. डाव्या डोळ्यात उद्या जे भिंग जाईल त्यातून कसं दिसेल याची ती रंगीत तालीम. अडीचला त्यांनी हात लांब नेले, तोंड वाकडं केलं. चारला खूश झाल्या. तीनला जरा थांबल्या, मोती थोडा पुढे नेला, पुन्हा मागे आणला, म्हणाल्या, "हे चालेल. सवय करीन." मला चार द्यायला भीती वाटत होती. एक डोळा शून्यावर आणि दुसरा मायनस चारवर, दोन डोळ्यांत एवढी तफावत मेंदूला झेपेल का, जिना उतरताना पायरी चुकेल का, हे ट्रायल फ्रेममध्ये नीट कळत नाही. तीनसुद्धा जास्तच आहे. पहिल्याच डोळ्याच्या वेळी विचारलं असतं तर दोन्ही डोळे मिळून सोपं काहीतरी बसवता आलं असतं, दोन्हींना जवळचं राखून दूरचा चष्मा देता आला असता, जो त्या जन्मभर वापरतच होत्या. हे मी त्यांना सांगितलं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. काकू मोती मोजून डब्यात टाकत होत्या. एक कमी भरला. आम्ही सगळे खाली वाकून शोधायला लागलो, मी टॉर्च घेऊन. तो काकूंच्याच पदरात निघाला.

"मग तीन?" मी विचारलं.

"बसचा नंबर दिसेल ना?"

"या डोळ्याने दिसेल."

"मग तीन," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बायोमेट्रीच्या खोलीतून आमच्या मुलीचा इंटरकॉम आला. "मॅडम, गिरगावच्या त्या काकू, डावा डोळा. टारगेटमध्ये मायनस तीन पडलंय, चुकून. शून्य करू ना?"

म्हटलं, "नको, तसंच राहू दे." मग फाइल मागवून घेतली आणि पहिल्या पानावरचं "गृहिणी" खोडलं. त्याच्यापुढे काय लिहायचं ते मात्र मला चटकन सुचेना. पटवेकरी लिहिलं. गुरुवारी ऑपरेशन आहे.